मागचं गेट आणि तिसरी घंटा

१० जानेवारी, शनिवार

साडेतीनच्या प्रयोगासाठी दीड तास आधी घर सोडलं. सर्जापूर रोडवरून शहराच्या दक्षिण टोकाच्या नाट्यगृहात पोचायचं म्हणजे प्रयोगाइतकाच वेळ प्रवासाला ठेवावा लागतो. सुशांत म्हणाला, "न कळणारी भाषा ऐकायला तू इतका वेळ रिक्षात कशी बसतेस?" न कळणारी हे खोटं. दोन वर्षांत कन्नड कानात पुष्कळ शिरलं आहे, तोंडातून निघत नाही एवढंच. नवऱ्याला यातला फरक समजत नाही.

साडेतीनला तिसरी घंटा झाली आणि दार बंद. किती समाधान वाटतं त्या आवाजाने! या शहरात दुसरं काही वेळेवर होत नाही. नाटक बरं होतं. नायक जरा जास्त ओरडतो, पण कुणाच्या प्रवेशाला टाळी पडली नाही. नट नुसता आत आला म्हणून टाळ्या वाजवणारे प्रेक्षक मला सहन होत नाहीत. अजून त्याने केलं काय?

बाहेर आले तर पायरीवर एक जोडपं बसलेलं. मारतहळ्ळीहून आले होते, चार मिनिटं उशीर झाला, आत सोडलं नाही. बाई रडवेली झाली होती. तिचा भाऊ नाटकात काम करत होता म्हणे. मी सांगितलं, "नाटक कुणासाठी थांबत नाही, यालाच नाटकाचा मान म्हणतात." तिने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. भाऊ काम करत असेल तर तासभर आधी यायला हवं होतं.

लोकशाहीलाही अशी शिस्त हवी. बावीस वर्षं पुण्यात राज्यशास्त्र शिकवलं, तेव्हाही हेच सांगत होते. मात्र या शहरात आल्यापासून एकदाही माइकसमोर उभी राहिलेली नाही. जीभ शिवशिवते.

१२ जानेवारी, सोमवार

अखेर काम सापडलं!

आमच्या पारिजात लेआउटचं मागचं गेट कायमचं बंद करायचं असा ठराव सोसायटीत येतो आहे. गेटापलीकडे तलावाच्या कडेला शंभरेक घरांची वसाहत आहे. आमच्याकडे भांडी-फरशी करणारी यल्लव्वा तिथेच राहते. गेटातून आमच्या गल्लीने बसथांबा पाच मिनिटांवर. गेट बंद झालं की लॉरीच्या रस्त्याने वळसा, पंचवीस मिनिटं, फुटपाथ नाही. सध्या फक्त रविवारी बंद ठेवून बघताहेत. 'सुरक्षेची चाचणी' म्हणे.

यल्लव्वा खानापूरकडची. मराठी आणि कन्नड दोन्ही तिची. मी विचारलं, "गेट बंद झालं तर काय करशील?"

"काय करणार बाई? चार घरं करतोय, दोन सोडायची. चालण्यातच दिवस गेला की भांडी कुणी घासायची?"

हे ऐकून मी तडक धनलक्ष्मीकडे गेले. कोपऱ्यावर तिचं शिवणकामाचं दुकान आहे. प्रभागाची निवडणूक जाहीर झाली की ती अपक्ष उभी राहणार आहे. गेला महिनाभर मी तिच्यासाठी घरोघर फिरते आहे. ती माझ्याशी हिंदीत बोलते, मधे मधे कन्नड. म्हणाली, "अक्का, वॉर्डाच्या इंजिनिअरला भेटले मी. तो म्हणतो, रस्ता सार्वजनिक की खाजगी, कागदावर स्पष्ट नाही. दोन्हीकडच्या लोकांची एक बैठक घ्या, हात मोजा, त्याप्रमाणे मी अहवाल लिहितो. पण निवडणूक लढवणाऱ्यांनी तिथे यायचं नाही."

"मग बैठक मी घेते," मी म्हणाले.

"सरी, चालेल. पण स्वल्प, जरा सांभाळून, अक्का. तुम्ही परवा एका घरात पाऊण तास भाषण केलं. तेवढ्यात मी अकरा घरं केली."

अकरा घरांत नुसती पत्रकं वाटली तिने. मी त्या एका माणसाचं मत बदललं. (सुशांत म्हणतो त्याने सुटका करून घ्यायला हो म्हटलं.)

१६ जानेवारी, शुक्रवार

काल संक्रांत. धनलक्ष्मीने त्यांच्याकडचं तीळ-गुळाचं एळ्ळू-बेल्ला दिलं, मी तिळगूळ दिला. दुकानातच बैठकीची तारीख ठरवली: रविवार, २५ तारीख, संध्याकाळी सहा, लेआउटचा हॉल. रविवार अशासाठी की आयटीवाले घरी असतात आणि त्यांचीच मनं वळवायची आहेत.

यल्लव्वाला सांगितलं. ती पोछा पिळता पिळता थांबली. "आयतवारी? आयतवारी गेट बंद असतंय की."

"म्हणून तर! लोकांना त्याच दिवशी कळेल गेट बंद असणं म्हणजे काय."

"तसं न्हवं बाई. संध्याकाळची भांडी करून यायचं, त्यात आनि वळसा..."

तिचं पुढचं नीट ऐकायचं राहिलं, कारण तेवढ्यात भाषणाचं पहिलं वाक्य सुचलं आणि ते लिहून घ्यायला मी आत गेले. 'ज्या वस्तीची दारं शेजाऱ्याला बंद होतात, तिथे घरं असतात, गाव नसतं.' वाक्य चांगलं आहे. हिंदीतही टिकतं.

१७ जानेवारी, शनिवार

आज संताप संताप झाला. मराठी मंडळाने मुंबईहून नाटक आणलं होतं. अकराची वेळ. प्रमुख पाहुणे वाहतुकीत अडकले म्हणून अकरा चाळीसला पडदा उघडला. चाळीस मिनिटं पाचशे माणसं एका माणसासाठी बसलेली! मी उठून उभी राहिले आणि तिथूनच बोलले, माइकशिवाय. "आम्ही प्रेक्षक आहोत, प्रजा नाही. पडदा उघडा!" टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बसा हो काकू." तो आवाज मला ओळखीचा वाटला. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी प्रणीत असणार. नागपूरचा आहे, नाटकाला येतो आणि मोबाइलवर मॅच बघतो. गेट बंद करायचा ठराव त्याचाच.

पहिल्या अंकानंतर वडा खायला बाहेर गेलेले लोक दुसरा अंक सुरू झाल्यावर बटाट्याच्या वासासकट आत येत होते, विजेऱ्या पाजळत. म्हणून ठरवलं, माझ्या बैठकीत हे होणार नाही. तीन घंटा. तिसरीनंतर दार बंद. प्रणीतसारख्या लोकांना एकदा कळू दे, वेळ म्हणजे काय.

२२ जानेवारी, गुरुवार

सगळी तयारी झाली. देवघरातली पितळी घंटा घासून ठेवली. सुशांतने विचारलं, "आरती पण आहे का?" हॉलचा वॉचमन नागराज, त्याला समोर बसवून सूचना दिल्या: पावणेसहाला पहिली, सहाला पाच कमी असताना दुसरी, ठोक्याला तिसरी. मग आतून कडी. कोणीही आलं, प्रणीत आला, खुद्द इंजिनिअरसाहेब आले, तरी उघडायचं नाही. तो म्हणाला, "कोणीही म्हणजे कोणीही, मॅडम?" मी म्हणाले, "कोणीही." त्याला दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

मागच्या पाच रांगा वसाहतीसाठी राखून ठेवल्या आहेत. कागद चिकटवले आहेत, कन्नडमध्ये. धनलक्ष्मीने भाषणाची पहिली चार वाक्यं कन्नडमध्ये पाठ करून घेतली. उच्चारांवर ती हसली, पण मायेने.

निवडणुकीआधीची तिची मोठी सभा २२ फेब्रुवारीला आहे. मुख्य भाषण मी करावं असं तिने आज स्वतःहून म्हटलं. सहाशे माणसं येतील. मी शांतपणे "बघू" म्हणाले. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले.

२५ जानेवारी, रविवार

हरलो.

आधी चांगलं ते लिहिते. सहाच्या ठोक्याला तिसरी घंटा, दार बंद. प्रणीत पावणेसहालाच येऊन पहिल्या रांगेत बसला होता, त्याची सगळी माणसं घेऊन. माझ्या दराऱ्याचा परिणाम. इंजिनिअरसाहेबही वेळेत आले आणि घड्याळ बघून म्हणाले, "आमच्या ऑफिसात पण अशी घंटा पाहिजे."

मी बोलले. काय बोलले! दोन वर्षांत असा आवाज लागला नव्हता. कन्नड वाक्यांनाच टाळी आली. पुढे हिंदीत नगर म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. मधे मागच्या बाजूला कुणीतरी दार वाजवायला लागलं. उशिरा येणारी ही जात! मी थांबले नाही, आवाज चढवला. "दार बंद करणं सोपं आहे," मी म्हणाले, "पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून बंद करा!" नेमकं त्याच वेळी ठोके जोरात पडले आणि सभागृह चिडीचूप झालं. असे क्षण ठरवून येत नाहीत. पाचएक मिनिटांनी ठोके थांबले.

मग प्रणीत बोलला, चार मिनिटं, कागदावर बघून. गेल्या वर्षी झालेल्या दोन चोऱ्या, सीसीटीव्ही, मुलांची सुरक्षितता. एक टाळी नाही.

हात मोजले. बंद करा, चौसष्ट. उघडं ठेवा, त्रेपन्न.

मी राखलेल्या पाच रांगांतल्या दोनच भरल्या होत्या. तीन रांगा रिकाम्या खुर्च्या आणि त्यावर माझे चिकटवलेले कागद. ज्यांच्यासाठी घसा फोडला ती माणसं आलीच नाहीत. यल्लव्वासुद्धा नाही.

२६ जानेवारी, सोमवार

यल्लव्वा नेहमीच्या वेळी आली. मी विचारलं नाही. मी का विचारावं? तिनेही काही काढलं नाही. भांडी नेहमीपेक्षा हळू ठेवत होती, आवाज न करता. जाताना म्हणाली, "पंधरा तारखेपासून गेट बंद म्हणं."

"हो. लोक आले असते तर नसतं झालं."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचून निघून गेली. शरम वाटली असावी.

सार्वजनिक कामाचं हे असंच असतं. मी वर्गात शिकवत होते: दडपलेल्या माणसाला आधी आपल्या हक्काची सवय नसते. शिकवणं वेगळं आणि रिकाम्या खुर्च्या बघणं वेगळं.

२८ जानेवारी, बुधवार

यल्लव्वाने काम सोडलं. फोनवर, दोन वाक्यांत. "पंधरापासून रोजचा वळसा, मग चार घरं व्हत न्हाईत बाई. दोन सोडलीत, त्यात तुमचं एक."

दोन सोडायची होती हे मला माहीत होतं. त्यात माझं? खालच्या मजल्यावरच्या प्रणीतचं ठेवलं आणि माझं सोडलं? ज्याने तिचा रस्ता बंद केला त्याची भांडी घासायची, आणि जिने तिच्यासाठी...

सुशांत ओट्याशी उभा राहून कढई घासत होता. म्हणाला, "तू तिला विचारलंस का, त्या दिवशी कुठे होती?"

"मी काय हजेरी घेते?"

"आयुष्यभर तेच तर केलंस, आसावरी."

जेवले नाही. उगाच चकरा मारते आहे. खाली जाते, गेटपर्यंत जाते, परत येते.

२९ जानेवारी, गुरुवार

हॉलमध्ये घंटा राहिली होती ती आणायला गेले. नागराजने कपाटातून काढून दिली, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. मग छाती फुगवून म्हणाला, "मॅडम, तुमचं काम पक्कं केलं मी. किती वाजवलं दार त्यांनी! बायका होत्या, म्हातारे होते. तीस-पस्तीस तरी. यल्लव्वा तर भांडली, मॅडमला सांग म्हणाली. मी आतूनच सांगितलं, कोणीही म्हणजे कोणीही नाही. ते म्हणाले गेट बंद आहे, फिरून आलो, दहा मिनिटं उशीर झाला. मी म्हणालो, तिसरी घंटा म्हणजे तिसरी घंटा."

आणि उभा राहिला, शाबासकीसाठी.

मी म्हणाले, "बरं केलंस." दुसरं काय म्हणणार? त्याने केलं ते मीच त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं.

घंटा हातात घेऊन घरी आले. चालताना ती वाजत होती. आतला लोलक हातात धरून ठेवला.

मागची पानं वाचली. दहा तारखेचं, सोळाचं, पंचवीसचं. सगळं माझ्याच अक्षरात आहे. 'आयतवारी गेट बंद असतंय की.' मीच लिहून ठेवलं आहे.

३० जानेवारी, शुक्रवार

धनलक्ष्मीकडे गेले. ती मशीनवर ब्लाउज शिवत होती. सांगितलं. तिचा पाय थांबला नाही.

"मला त्याच दिवशी कळलं, अक्का. वसाहतीतले लोक सरळ माझ्याकडे आले होते."

"मग मला बोलला का नाहीत?"

"दोनदा दुकानात आलात. दोन्ही वेळा तुम्हीच बोलत होता." तिने दोरा तोडला. "जनता कशी झोपलेली आहे, त्याबद्दल."

मी विचारलं, आता काय करता येईल. ती म्हणाली, अहवाल सोमवारी जातो. आयोजकाने सही करून लेखी दिलं, की माणसं आली होती आणि माझ्या चुकीने बाहेर राहिली, तर इंजिनिअर बैठक पुन्हा घेईल. नुसतं 'गैरसमज झाला' लिहिलं तर तो फाइल बंद करेल.

"आणि तुम्ही लिहिलं," ती म्हणाली, "की तो कागद प्रणीत सगळ्या ग्रुपवर टाकणार. गरिबांना बाहेर ठेवणारी धनलक्ष्मीची वक्ता. मग बावीस तारखेला मी तुम्हाला स्टेजवर उभं करू शकणार नाही. आधीच सांगते."

मी म्हणाले, "सहाशे माणसं."

"हो."

मशीन पुन्हा सुरू झालं.

३१ जानेवारी, शनिवार

आज नाटकाचं तिकीट होतं. गेले नाही.

सकाळपासून पत्र लिहिते आहे. पहिला खर्डा दोन पानांचा झाला. त्यात वेळेच्या संस्कृतीबद्दल एक परिच्छेद होता, हेतूबद्दल एक, नागराजच्या शब्दशः वागण्याबद्दल एक. सुशांतला वाचून दाखवला. तो म्हणाला, "छान आहे. पण कोणी चूक केली ते कळत नाही."

दुसरा एका पानाचा. तिसरा हा:

'२५ जानेवारीच्या बैठकीला वसाहतीतली तीस ते पस्तीस माणसं आली होती. सहानंतर दार उघडू नये अशी सूचना मी दिली होती. रविवारी गेट बंद असल्याने त्यांना उशीर होईल हे मला आधी सांगण्यात आलं होतं. त्यांनी दार वाजवलं ते मी ऐकलं आणि बोलत राहिले.'

शेवटचं वाक्य चार वेळा खोडलं, चार वेळा लिहिलं. सही करून दुपारी इंजिनिअरसाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. घंटेबद्दल या वेळी काही म्हणाले नाहीत.

नाट्यगृहाचं दार बंदच व्हायला हवं, हे माझं मत अजून तेच आहे. नाटक सुरू झाल्यावर नटाला मधे तोडायचा अधिकार कुणाला नाही. पण त्या दिवशी हॉलमध्ये नाटक नव्हतं. मला मात्र ते हवं होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

गेट बंद. मुद्दाम वळसा घालून वसाहतीत गेले. अठ्ठावीस मिनिटं. दोनदा लॉरीसाठी गटाराच्या कडेला उभी राहिले.

यल्लव्वा दारात जोंधळे निवडत बसली होती. उठली नाही. पण बाजूचा पाट पुढे सरकवला.

मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं तूच बाहेर आहेस."

"कोन हाय म्हणून बगायला दार उघडावं लागतंय, बाई."

ती सुपातले खडे काढत राहिली. मग म्हणाली, "तुमचा आवाज मात्र बाहेरपर्यंत येत हुता. समदं ऐकलं आमी. ते पलीकडच्या माणसाच्या डोळ्यांत बगा म्हणालासा ना, तवा आमची म्हातारी म्हणाली, बाई लई चांगलं बोलतीया, उघडती बग आता."

या वाक्यावर मी बसल्या जागी काय केलं ते इथे लिहीत नाही.

जाताना पत्राबद्दल सांगितलं. "लिवलं न्हवं? मग झालं," एवढंच ती म्हणाली. कामावर परत ये असं मी म्हणाले नाही, तिनेही विषय काढला नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा बैठक. रविवारी आठ तारखेला, पाचला, गेटापाशीच, उघड्यावर. त्या दिवशी गेट उघडं ठेवायचं असं इंजिनिअरने लेखी कळवलं आहे.

प्रणीतने पत्र ग्रुपवर टाकलं. खाली एकशे बारा प्रतिक्रिया, निम्म्या हसऱ्या तोंडांच्या. लिफ्टमध्ये भेटला, म्हणाला, "काकू, तुम्ही आमच्या बाजूने आहात हे आधी सांगायचं ना." उत्तर जिभेवर आलं होतं, चांगलं होतं. तळमजला आला.

धनलक्ष्मीने २२ तारखेची पत्रिका छापायला दिली. वक्त्यांत माझं नाव नाही. मी यादी दोनदा वाचली.

८ फेब्रुवारी, रविवार

धनलक्ष्मीने मला काम दिलं ते असं: लॉरीच्या रस्त्याच्या वळणावर उभं राहायचं. रविवारी गेट बंदच असतं या सवयीने जे लोक वळशाने येतील, त्यांना सांगायचं की आज आतून रस्ता आहे, आणि शेवटचा माणूस आत पोचेपर्यंत हलायचं नाही. "बोलायचं काही नाही, अक्का. नुसतं हात करायचा."

साडेचारला जाऊन उभी राहिले. पाच वाजले, सव्वापाच वाजले. माणसं येत होती, दोन-दोन, तीन-तीन. मी हात करत होते. एक म्हातारी काठी टेकत आली. तिला हाताला धरून पलीकडे नेलं. तिने विचारलं, "चालू झालं काय?" मी म्हणाले, "झालं असेल. पण थांबतील." तिचा विश्वास बसला नाही, भराभर चालायला लागली.

तिथून गेट दिसत नाही. झाडांपलीकडून लाउडस्पीकर ऐकू येत होता, पण शब्द लागत नव्हते. प्रणीतचा आवाज ओळखला. मग एक बाईचा आवाज, आधी पडलेला, मग चढलेला. कन्नड आणि मराठी मिसळून काहीतरी. मधेच मोठा हशा. पुन्हा हशा. मग टाळ्या, थांबता थांबेनात अशा. पाय आपोआप तिकडे निघाले होते. पण रस्त्याच्या टोकाला अजून दोघं येताना दिसत होती, एकाच्या डोक्यावर भांड्यांची टोपली. मी परत वळणावर आले आणि उभी राहिले.

त्या दोघांना घेऊन पोचले तोपर्यंत हात मोजून झाले होते. उघडं ठेवा, एक्क्याण्णव. बंद करा, एकसष्ट. माझ्याबरोबर आलेल्या दोघांचेही हात इंजिनिअरने घेतले, वही पुन्हा उघडून. त्र्याण्णव. गेट आता पहाटे पाच ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस उघडं. माणसं गेटातून इकडून तिकडे, तिकडून इकडे, कारण नसताना चालत होती.

यल्लव्वा माइकजवळ उभी होती. घाम आलेला, पदर कमरेला खोचलेला. मला बघून हसली.

"बाई, कुठं हुता? मी बोललो की!"

"काय बोललीस? इतके का हसले सगळे? सांग ना."

तिने माइकची वायर गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे बघितलं.

"आता परत कोन बोलतंय? वेळंवर यायचं की."